नळाला पाणी

“नळाला पाणी आलं का?” असं विचारताना आपल्या डोळ्यांपुढे तोटी असते. पण नळ हे मुळात एका गवताचं नाव. ओढ्याकाठी, पाणथळीत दोन-दोन पुरुष उंच वाढणारं, पोकळ पेरांचं गवत. संस्कृतात नड किंवा नल, मराठीत नळ. दांडा पोकळ म्हणून तशा आकाराला नळी म्हणू लागले, नळीवरून पाण्याचा नळ झाला, आणि ज्याच्यावरून हे सगळं आलं ते गवत ओढ्यातच राहिलं. असल्याच दांड्याला तिरका काप देऊन बोरू करत. मोडीची दप्तरं त्या बोरूनं भरली, आणि दिवसभर तेच करणाऱ्याला आपण बोरूबहाद्दर म्हणून हिणवलं. (शेतकरी हिरवळीच्या खतासाठी बोरू पेरतात तो ताग. त्याचा इथे संबंध नाही. तसंच सह्याद्रीत ज्याला देवनळ किंवा धवळ म्हणतात ती लोबेलिया. तिचाही दांडा पोकळ, पण ते गवत नव्हे, आणि विषारी आहे.)

आता हे गवत नर्सरीच्या दारानं परत आलं आहे. उरुळी कांचनच्या आसपास सोलापूर रस्त्यावर ज्या नर्सऱ्या आहेत, तिथे काळ्या पिशव्यांत पांढऱ्या पट्ट्यांच्या लांब पानांची रोपं दिसतात. विचारलं की माळी म्हणतो, “रीड आहे, कुठंही येतं.” हे त्याचं खरं असतं. अडचण तिथेच सुरू होते.

पहिला नळ मी कुंपणालगत थेट जमिनीत लावला होता. पहिल्या वर्षी कौतुक झालं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तो भिंतीपलीकडे, शेजाऱ्यांच्या पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकच्या फटीतून हातभर वर आला. शेजारचे काका शांत माणूस. एवढंच म्हणाले, “तुमचा पाहुणा आमच्याकडे उतरलाय.” तो पाहुणा काढायला पहार लागली आणि दोन रविवार गेले. तेव्हापासून मी नळ कुंडीतच लावतो. या झाडाला वाढवायला फारसं शिकावं लागत नाही, सगळं शिकायचं ते त्याला अडवायला. आणि अडवायचं तर आधी ते जगतं कसं हे माहीत हवं.

कुंडीला भोक का ठेवतात? पाणी साचलं की मुळं कुजतात म्हणून. पण मुळांना पाण्याचं वावडं नसतं, त्यांना हवा मिळेनाशी होते. मातीच्या कणांमधली हवा पाणी हाकलून देतं, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो. होता तेवढा मातीतले जिवाणू थोड्याच वेळात संपवतात. तुळस, गुलाब, जास्वंद अशा वेळी गुदमरतात.

नळ आपली हवा वरून नेतो. त्याच्या दांड्यात, पानांच्या बुडाशी आणि जमिनीखालच्या आडव्या गड्ड्यात हवेचे मार्ग असतात. हा गड्डा आल्या-हळदीच्या जातीचा, म्हणजे मूळ नव्हे, जमिनीखालून चालणारं खोडच. पाणथळीतल्या नळात आणि पाणकणसात तर हवा नुसती झिरपत नाही, वाहते. कोवळ्या पानांच्या आत ओलाव्यामुळे हवेचा दाब बाहेरपेक्षा किंचित वाढतो. ती हवा खाली गड्ड्यात ढकलली जाते आणि गेल्या वर्षीच्या वाळक्या, मोडक्या दांड्यांतून पुन्हा वर निघून जाते. म्हणजे हिरवे दांडे श्वास घेतात आणि मेलेले दांडे तो सोडतात. दोन-तीन वर्षांनी कुंडी उपसली की याचा पुरावा हाताला लागतो. माती काळी, कुजक्या अंड्याच्या वासाची. पण मुळांवर मात्र तांबूस गंजाचा लेप. मुळांतून पाझरलेल्या ऑक्सिजननं त्यांच्याभोवतीचं लोह गंजलेलं असतं.

एवढं कळलं की पुढचे बरेचसे नियम पाठ करावे लागत नाहीत. त्यातला मोठा नियम: दांडे कधीही पाण्याच्या पातळीखाली कापू नयेत. उघड्या नळीत पाणी शिरतं आणि गड्डा बुडून मरतो. पाणकणसानं भरलेलं तळं साफ करताना हीच युक्ती मुद्दाम वापरतात. आपल्याला झाड राखायचं आहे, म्हणून वाळका दांडाही पाण्याच्या वर वीतभर ठेवून छाटायचा.

आता कोणतं झाड घ्यायचं. ‘रीड’ या एका नावाखाली नर्सरीत किमान चार वेगळी कुळं विकली जातात.

पांढऱ्या पट्ट्यांचा नळ म्हणजे अरुंडो डोनॅक्स या गवताचा शोभेचा वाण. जातिवंत हिरवा नळ चांगल्या ओलीत सहा मीटरपर्यंत जातो, पट्टेरी त्याच्या निम्म्यानं. माझ्या मते कुंडीसाठी याच्याइतकं देखणं दुसरं नाही, पण उजळ रंग कोवळ्या पानांवरच असतो, जून पानं पिवळट-हिरवी होतात. त्यामुळे वर्षातून एकदा छाटणी हवीच. मधूनच पूर्ण हिरवा फुटवा येतो. तो जास्त जोमानं वाढतो आणि ठेवला तर दोन वर्षांत पट्टेरी भागाला खाऊन टाकतो. दिसल्या दिवशी बुडातून उपटावा. अरुंडोला भर पाणी लागतंच असं नाही. ओली माती पुरते आणि आठवडाभराचा दुष्काळही तो सोसतो. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांच्या तोंडाशी बसणारी पत्ती याच गवताची असते. फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या व्हार भागातला नळ त्यासाठी नावाजलेला. आपल्या शहनाईची पत्ती ज्या नरकटाची, तेही असंच पाणथळ गवत. बिहारमधलं डुमराव त्यासाठी ओळखलं जातं, आणि बिस्मिल्ला खाँचा जन्म तिथलाच, हा योग मला फार आवडतो.

छत्रीसारखी पानं असलेलं, ज्याला नर्सरीवाले ‘अंब्रेला पाम’ म्हणतात, ते ना पाम आहे ना नळ. ते लव्हाळ्याच्या गोतातलं आहे, मूळचं मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेकडचं. इजिप्तचा पपायरस त्याचाच थोरला भाऊ, चार-पाच मीटर उंच जाणारा. त्याचा दांडा बोटांत फिरवून पाहा, तिन्ही कडा लागतात. नवशिक्यानं सुरुवात या छत्रीपासून करावी. अर्धी सावली चालते, बाल्कनीत मावते, आणि गड्डा फार लांब धावत नाही.

तिसरं पाणकणीस, म्हणजे टायफा. तपकिरी सॉसेजसारखं कणीस सगळ्यांना आवडतं, पण एका कणसात लाखाहून जास्त बी असतं आणि ते कापसासारखं उडतं. मोठा हौद असेल तरच याच्या वाटेला जावं, आणि कणीस फुटण्याआधी कापून फुलदाणीत लावावं. वाळून वर्षभर टिकतं.

चौथं हॉर्सटेल: पानं जवळजवळ नाहीतच, नुसत्या हिरव्या पेरांच्या काड्या, पेरांवर काळी वळी. हे नेच्यांच्या नात्यातलं अतिप्राचीन कूळ आहे. अंगात इतकी वाळू, म्हणजे सिलिका, की युरोपात भांडी घासायला वापरत. वास्तुविशारदांचं हे लाडकं झाड, कारण ते सरळ रेषेत उभं राहतं. पळण्यात मात्र ते सगळ्यांत वाईट. चुकूनही उघड्या जमिनीत लावू नये.

आणि यातलं काहीच नको, पण तसलं लांब पात्याचं काही हवं असेल तर वाळा लावा. त्याची मुळं आडवी न धावता सरळ खाली जातात, बेट जागच्या जागी राहतं, आणि दोन वर्षांनी मूठभर मुळं माठात टाकायला मिळतात.

भांडं रुंद आणि बिनभोकाचं हवं. उंच निमुळती कुंडी दिसते छान, पण सहा फुटी पानांना वारा लागला की ती आडवी होते. सातव्या-आठव्या मजल्यावर तर नक्कीच. दोनशे लिटरचं प्लास्टिकचं पिंप मधोमध कापलं की दीड फूट खोलीची दोन उत्तम भांडी होतात. छत्रीसाठी मोठं घमेलं किंवा टबही चालेल. पिंप पूर्वी कशाचं होतं ते मात्र विचारून घ्या, रसायनाचं असेल तर नको.

मी एकात एक अशी दोन भांडी वापरतो. आतली भोकं असलेली कुंडी किंवा जाळीची टोपली, बाहेर पाणी धरणारा टब. आतली कुंडी विटेवर ठेवली की पातळी हवी तशी वरखाली करता येते, आणि छाटणीच्या वेळी सगळा गड्डा उचलून बाहेर काढता येतो. एकाच भांड्यात लावलेलं झाड तीन वर्षांनी काढताना भांडं फोडावं लागतं, इतकं ते आतून घट्ट बसतं.

गच्चीवर ठेवणार असाल तर वजनाचा हिशेब करा. अर्ध्या पिंपाचं भांडं माती-पाण्यानं भरलं की दीडशे किलोच्या आसपास जातं. अशी चार भांडी गच्चीच्या मधोमध ओळीनं मांडू नका. तुळईवर, खांबाजवळ, कडेच्या भिंतीलगत ठेवा, आणि खाली विटा देऊन गच्चीपासून चार बोटं वर उचला. खालून ओल, गळती किंवा चुकार मूळ दिसतं ते यामुळेच.

माती? इथे कुंडीबागेतलं सगळं शिकलेलं उलटं करायचं. कोकोपीट नको, ते तरंगतं. गांडूळखत, पालापाचोळा नको. बुडालेला सेंद्रिय माल कुजतो, पाणी हिरवं आणि घाण होतं. गुलाबाच्या कुंडीत जिला आपण नावं ठेवतो ती चिकट काळी माती इथे सोन्यासारखी. तिच्यात चौथा हिस्सा जाडी वाळू मिसळायची, आतल्या कुंडीच्या तळाला गोणपाटाचा तुकडा घालायचा म्हणजे माती भोकांतून वाहत नाही, आणि वर दोन बोटं बारीक खडी पसरायची. खत द्यायचंच तर पूर्ण कुजलेलं शेणखत ओंजळभर, वर्तमानपत्राच्या कागदात पुडी बांधून, मुळांशेजारी वीतभर खोल खुपसायचं. पुडीतून ते हळूहळू सुटतं. असं वर्षातून दोनदा पुरे. पानं फिकी पडली तर तिसरी पुडी.

लावणीचे दोन मोसम. थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीअखेर ते होळीपर्यंत, किंवा मृगाच्या पावसानंतर. हिवाळ्यात तोडलेला गड्डा फुटत नाही, नुसता बसून राहतो. गड्ड्याचा तुकडा घेताना त्याला किमान दोन डोळे आणि वीतभर दांडा ठेवा आणि डोळे जेमतेम झाकतील एवढंच वर पुरा. लावल्या लावल्या टब काठोकाठ भरायचा मोह होतो. तो आवरा. नव्या तुकड्याला अजून हवा नेणारी पानं फुटलेली नसतात. पहिले तीन आठवडे माती नुसती चिखलासारखी ओली ठेवा. फुटवे हातभर झाले की मग पाणी चढवा: छत्रीला आणि हॉर्सटेलला मातीवर दोन-चार बोटं, पाणकणसाला वीतभर, पट्टेरी नळाला मातीच्या पातळीइतकंच.

छत्रीची लागवड मुलांकडून करवून घ्यावी अशी आहे. एक छत्री दोन इंच दांड्यासह कापा, पानं कात्रीनं अर्धी करा आणि वाटीभर पाण्यात उलटी, डोकं खाली करून, तरंगत सोडा. दोन-तीन आठवड्यांत पानं जिथे एकत्र येतात त्या मध्यातून पांढरी मुळं आणि इवली रोपं निघतात. नळाचा दांडा चिखलात आडवा दाबला तर त्याच्या पेरांतून कोंब येतात. हे लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

आता डास. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो, त्यामुळे महापालिकेच्या माणसानं गच्चीवरचा टब पाहून भुवया उंचावल्या तर त्याचं चुकलेलं नसतं. ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस’ इथे पाळता येत नाही, पण दोन उपाय आहेत. पाण्याचा पृष्ठभाग मोठा असेल तर चार गप्पी मासे सोडा; ते अळ्या खातात. मासे सोडल्यावर मात्र कीटकनाशक वर्ज्य. मावा किंवा पिठ्या ढेकूण आला तर पाण्याच्या फवाऱ्यानं झोडपून काढायचा. दुसरा उपाय मला जास्त पटतो: दोन भांड्यांमधली फट आणि वरचा भाग खडीनं असा भरायचा की पाणी खडीच्या खाली बोटभर राहील. उघडं पाणी नाही, तर डास नाही. पातळी पाहायला कडेला प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा उभा ठेवायचा, त्यात काडी घालून मोजायचं, आणि पाइपच्या तोंडावर जाळीचं कापड बांधायचं. नळाच्या शेजारी नळ, असं माझी मुलगी म्हणते.

एप्रिल-मे महिन्यात टबातलं पाणी डोळ्यांदेखत उतरतं, कारण ऊन घेतं त्याहून जास्त पानं घेतात. गावाला जाणार असाल तर शेजाऱ्यांना सांगून जा. बोअरचं पाणी असेल तर काठावर पांढरे क्षार जमतात आणि पानांची टोकं करपतात. दरवर्षी पहिल्या जोरदार पावसात टब पूर्ण ओतून द्यावा आणि पावसाच्या पाण्यानं भरू द्यावा, एवढ्यानं क्षार आटोक्यात राहतात.

छाटणी थंडी सरताना. हातमोजे घाला, अंगात पूर्ण बाह्या हव्यात. या पानांच्या कडेला सिलिकाचे सूक्ष्म दाते असतात आणि ते ब्लेडसारखे कापतात. पट्टेरी नळ मातीपासून वीतभर वर सरसकट कापला तरी चालतो, महिन्याभरात नवे उजळ फुटवे येतात. छत्रीच्या फक्त पिवळ्या काड्या काढायच्या. हॉर्सटेलच्या काडीचा शेंडा कापलात तर ती काडी पुन्हा वाढत नाही, म्हणून उंची कमी करायला वरून कात्री मारू नका. नको ती काडी बुडाशी काढा, पाण्याच्या वर.

दोन ते तीन वर्षांनी कुंडी फुगते, टोपलीच्या जाळीतून गड्डे डोकावतात, मधलं बेट मरतं आणि कडेनंच फुटवे येतात. मग गड्डा बाहेर काढून करवतीनं चार भाग करायचे. करवतीनंच, खुरप्यानं हे काम होत नाही. कडेचा तरणा भाग ठेवायचा, मधला जुना भाग टाकायचा.

जमिनीतच लावायचं असेल तर अख्खं पिंप जमिनीत गाडा, तोंड जमिनीपेक्षा तीन-चार बोटं वर ठेवून, म्हणजे गड्डा काठावरून उडी मारताना दिसतो. बुडाला भोक पाडू नका. जास्तीचं पाणी जावं म्हणून काठाखाली वीतभर अंतरावर दोन लहान भोकं पुरेत. मोठा वाफा करायचा तर शेततळ्याला अंथरतात तो ५०० मायक्रॉनचा कागद वापरा. पातळ ताडपत्री पाणकणसाच्या अणकुचीदार कोंबापुढे टिकत नाही.

परसात मोरीच्या पाण्यावर अळू, केळ आणि कर्दळ लावायची आपली जुनी रीत आहे. १९५० च्या दशकात जर्मनीत केटे सायडेल या संशोधिकेनं पाणवनस्पतींनी सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयोग सुरू केले, आणि आज जगभर खडी-वाळूच्या वाफ्यांत नळ आणि पाणकणीस लावून हे काम करतात. मुळांतून पाझरणारा जो ऑक्सिजन आपण मघाशी गंजात पाहिला, त्यावर तिथले जिवाणू जगतात. पण हे वाफ्याचं, हिशेबाचं काम आहे. एका टबात नळ लावून त्यात स्वयंपाकघराचं खरकटं पाणी ओतलं तर पाणी शुद्ध होत नाही, घाण वास सुटतो. मी करून पाहिलं आहे.

आता तो आडवा दांडा, जो चिखलात फुटतो. कॅलिफोर्नियात एकोणिसाव्या शतकात नेलेला अरुंडो पुराच्या पाण्यानं मोडला, पेर-पेर वाहत गेला आणि सँटा आनासारख्या नद्यांचे काठ त्यानं गिळले. बी वांझ असूनही. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आपल्याकडे जलपर्णीही फुलं सुंदर म्हणून आणलेली होती. तेव्हा छाटलेले दांडे, गड्ड्याचे तुकडे, टबातला गाळ यातलं काहीही ओढ्यात, नाल्यात किंवा तळ्याकाठी टाकू नका. गच्चीवर उन्हात पसरून कडकडीत वाळवा, पेर मोडल्यावर आत ओल दिसता कामा नये, आणि मगच कचऱ्यात द्या. मे महिन्यात याला पंधरा दिवस पुरतात, पावसाळ्यात वाळतच नाही. म्हणून पावसाळ्यात छाटणी करूच नका.